एकटीने ग्योझा, एकट्याने साके: अलिबागकडच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मांडवा, किहीम, अलिबाग या पट्ट्यात आता जपानी मेन्यू असलेली चकचकीत हॉटेलं आली आहेत. शनिवार-रविवारी रो-रो बोटीने गाड्या घेऊन आलेली मुंबईची मंडळी तिथे गर्दी करतात. आपण इथलेच, पण आत पाय टाकायला बिचकतो, आणि एकटं जायचं तर विचारायलाच नको. मी अलिबागची, नोकरी करते आणि अशा हॉटेलात आवडीने एकटी जेवते. एक प्लेट ग्योझा (सारण भरलेल्या मैद्याच्या जपानी करंज्या), थोडी साके (तांदळाचं जपानी मद्य), भूक असेल तर आणखी काहीतरी. त्यावरून ओळखीतले लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एकट्या माणसाला जागा देतात का? चौघांचं टेबल अडवलं म्हणून कुरकुर करत नाहीत ना?

देतात. आधी फोन करून "एकच जण आहे, काउंटरला चालेल" एवढं सांगा. काउंटर म्हणजे स्वयंपाकघरासमोरची लांब फळी आणि तिच्यापुढच्या उंच खुर्च्या. तिथे कुणाचंच टेबल अडत नाही, आणि हॉटेलातली सगळ्यात चांगली जागा माझ्या मते तीच, कारण पदार्थ तयार होताना समोर दिसतो. जपानमध्ये एकट्याने जेवणं इतकं रोजचं आहे की कित्येक छोट्या दुकानांत नुसता काउंटरच असतो. २०२० च्या तिथल्या जनगणनेत सुमारे ३८ टक्के घरं एका माणसाची निघाली. त्या लोकांना रोज कुठेतरी जेवायचं असतंच.

शनिवारची रात्र टाळा. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी सातला गेलात तर स्वयंपाकघर निवांत असतं, वेटरकडे बोलायला वेळ असतो आणि हवी ती खुर्ची मिळते. एका ठिकाणी मला वॉशरूमच्या दाराशी बसवलं होतं. मी दुसरी जागा मागितली आणि लगेच मिळाली. मागायला लाजू नका.

"अजून कोणी येणारेत का, मॅडम?" असं विचारतात तेव्हा ओशाळल्यासारखं होतं. काय सांगायचं?

"नाही, मी एकटीच आहे." एवढंच, स्वच्छ आवाजात. "मैत्रीण येणार होती, ऐन वेळी जमलं नाही" वगैरे सांगत बसू नका. त्या मुलाला फक्त किती प्लेटा मांडायच्या ते जाणून घ्यायचं असतं.

पण लोक काय म्हणतील? इथे सगळे ओळखीचे.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे खरंच सगळे ओळखीचे असतात. बाजारात कोळंबी घेतली तर घरी पोचायच्या आत शेजारच्या काकूंना वाटा कितीचा पडला ते माहीत असतं. एकट्याने बाहेर जेवणारा माणूस म्हणजे बदलीवर आलेला बँकेतला साहेब, नाहीतर खानावळीत डबा लावलेले मास्तर. घरचं कुणी जवळ नाही म्हणून बिचारा बाहेर जेवतो, असंच समजतात. एकट्याने जेवणं ही अडचण असते, कुणी ते आवडीने करत असेल हे डोक्यातच येत नाही.

बायकांचं मात्र थोडं निराळं आहे. आपल्या घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एकट्याच जेवत आल्या आहेत. आधी पुरुष, मग मुलं, मग पाहुणे आणि सगळ्यात शेवटी ती. ओट्याशी बसून, तव्यावर उरलेली शेपटीकडची तुकडी, भांड्याच्या तळाचं कालवण आणि गार झालेला भात. त्या एकटीच्या जेवणाबद्दल कधी कुणी काही बोललं नाही. माझी आजी, माझी आई अशाच जेवल्या. तेव्हा बाई एकटी जेवते याचं कुणाला काही वाटत नाही. ती बसून आहे, गरम गरम पदार्थ तिच्यासमोर येतोय आणि पहिला घास तिचा आहे, हे डोळ्यांत भरतं. ते भरू दे. मला ते पाहायला फार आवडतं, दुसऱ्या कुणाच्या बाबतीतही.

कुणी भेटलंच तर आपण होऊन हाक मारा. "काय वहिनी, इकडे कुठे?" असं आपणच म्हटलं की समोरचा माणूस मोकळा होतो. तुमच्याकडे बघून दोन महिन्यांनी त्याच वहिनी एकट्या येऊन बसल्या तर नवल वाटून घेऊ नका, मी हे पाहिलेलं आहे.

घरी काय सांगायचं?

खरं तेच. "आज मी बाहेर जेवणार आहे, आमटी-भात करून ठेवलाय." किंवा भात ज्याचा त्याला लावू द्या.

ग्योझा म्हणजे तिखटामिठाचे मोदकच ना?

मोदकाची आठवण होते खरी, पारी आणि सारण असं दोन्हीकडे आहे. पण पारीतच मोठा फरक आहे आणि तो समजला की ग्योझा खाताना जास्त मजा येते. मोदकाची पारी तांदळाच्या पिठीची. तांदळात ग्लुटेन नाही, म्हणून आधी उकड काढावी लागते, तेलपाण्याचा हात लावून मळावी लागते आणि तरीही ती एका मर्यादेपलीकडे पातळ होत नाही. ग्योझाची पारी गव्हाच्या मैद्याची. ग्लुटेनमुळे ती ताणली जाते, पापडासारखी पातळ लाटता येते आणि तव्यावर टाकली तरी फाटत नाही. कळ्या फक्त एका बाजूला पाडतात, दुसरी बाजू सपाट राहते. त्यामुळे ग्योझा बसका होतो आणि त्याचा सपाट तळ तव्यावर खरपूस भाजता येतो.

पदार्थ मूळचा चीनचा. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून, म्हणजे चीनच्या ईशान्य भागातून परतलेल्या जपानी लोकांनी तो आपल्या गावी नेला आणि तिथे तो घराघरांत रुजला. चीनमध्ये तो जास्त करून उकडून खातात, जपानमध्ये तव्यावरचा जास्त लोकप्रिय झाला. तिथल्या पारीही पातळ आणि सारणात लसूण सढळ. उत्सुनोमिया आणि हामामात्सु या दोन शहरांत तर सगळ्यात जास्त ग्योझा कोण खातं यावरून वर्षानुवर्षं चढाओढ आहे. हामामात्सुत ते गोल मांडून मधल्या जागेत उकडलेले मोड ठेवतात. मेन्यूवर तसं चित्र दिसलं तर तेच मागवा. तेलकट घासांच्या मध्ये ते मोड फार बरे वाटतात.

मेन्यूत पॅन-फ्राइड, स्टीम्ड, डीप-फ्राइड असं लिहिलंय. कुठले घ्यायचे?

पहिल्यांदा जाताय तर तव्यावरचे, आणि काउंटरला बसून ते होताना बघा. आचारी सपाट तव्यावर थोडं तेल सोडून ग्योझा एकमेकांना चिकटून ओळीने मांडतो. तळाला रंग आला की वाटीभर पाणी ओततो. बरेच जण त्या पाण्यात चिमूटभर पीठ कालवतात. मोठा चर्र आवाज होतो आणि लगेच झाकण पडतं. आता आत पारी वाफेवर शिजते. चार-पाच मिनिटांनी झाकण निघतं, वाफेचा लोट वर जातो आणि आवाज बदलायला लागतो. आधी पाणी उकळल्याचा जाडसर आवाज असतो, मग पाणी आटत जातं तसा तो बारीक, कोरडा होत तेलाच्या तडतडीवर येतो. अनुभवी हात त्या आवाजावरूनच तवा उतरवतात. पिठाच्या पाण्याची पातळ तपकिरी जाळी सगळ्या ग्योझांना धरून राहिलेली असते. ताटलीत उलटं केलं की ती जाळी वर येते, चमच्याने टिचकी मारली की मोडते.

हे सगळं ताटलीत पडल्यापासून जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतं. आतल्या सारणाची वाफ लागून जाळी मऊ पडते. म्हणून माझा आग्रह असा की सगळं एकदम मागवू नका. एक प्लेट घ्या, ती संपवा, मग दुसरी सांगा. एकटं असण्याचा इथे सरळ फायदा आहे. चारचौघांत निम्मे ग्योझा फोटो आणि गप्पांत गार होतात.

उकडलेले ग्योझा सूपबरोबर चांगले लागतात, पावसाळ्यात मी ते घेते. पूर्ण तळलेल्यांकडे मी वळत नाही, सारणाची चव तेलाखाली दबते.

चॉपस्टिक्स जमत नाहीत. हसतील का?

कुणी हसत नाही. चमचा-काटा मागा, नाहीतर सरळ हाताने खा. चॉपस्टिक्स वापरणार असाल तर दोन गोष्टी तेवढ्या टाळा. भातात त्या उभ्या खोचू नयेत, आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नये. दोन्ही गोष्टी तिकडे अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

सॉस आपला आपण कालवायचा. सोया सॉस आणि तांदळाचं व्हिनेगर साधारण सारखं, वर लाल तिखट तेलाचे दोन-चार थेंब. नुसतं व्हिनेगर आणि भरपूर मिरपूड असंही खातात. सारणात लसूण-आलं जास्त असेल तेव्हा मला हे दुसरं जास्त आवडतं. ग्योझाचा तळ बुडवा, अख्खा बुडवलात तर जाळी गेली. आणि पहिला घास जपून घ्या, आत गरम रस असतो.

आत काय असतं? पोर्क खात नाही. शाकाहारी असलो तर?

जपानमध्ये सारण साधारणपणे पोर्कचा खिमा, कोबी, लसणीची पात, आलं, लसूण, तिळाचं तेल असं असतं. इकडच्या मेन्यूत चिकन आणि कोळंबी जास्त दिसते. तरी विचारून घ्या.

शाकाहारी मंडळींनी मात्र नीट चौकशी करावी. कोबी, मशरूम, टोफू (सोयाबीनचं पनीर) यांचे ग्योझा बहुतेक ठिकाणी मिळतात, पण तवा तोच आहे का ते विचारा. दुसरी मेख सूपमध्ये आहे. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं सूप दिसायला अगदी साधं, पण त्याचा आधार असलेलं दाशी हे पाणी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कातरणांपासून करतात. नुसत्या कोम्बु या समुद्री शेवाळाचं दाशीही असतं. तोक्योतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये उमामी या भरदार, रश्शासारख्या चवीचं मूळ शोधलं ते या कोम्बुतच. "सूप कशाचं आहे, मासा आहे का?" असं स्पष्ट विचारा. संकष्टी किंवा श्रावण पाळत असाल तर तो दिवस सोडून जा. अर्धवट मनाने जेवायला बसू नये.

साके म्हणजे व्हिस्कीसारखी कडक असते का?

नाही. व्हिस्की गाळलेली, साके आंबवलेली. तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी नावाची बुरशी एवढ्यावर ती होते. सगळी करामत कोजीची. तांदळात स्टार्च असतो, साखर नसते, आणि यीस्टला तर साखरच लागते. वाफवलेल्या तांदळावर ही बुरशी वाढवली की ती स्टार्चची साखर करत जाते, आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचा अल्कोहोल करत राहतं. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. त्यामुळे आंबवूनच अल्कोहोल १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढतो. मग पाणी घालून तो बहुतेक वेळा १५-१६ टक्क्यांवर आणतात. कोजी वापरून मद्य करण्याच्या या जपानी विद्येला युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आपण तांदळाच्या मुलखातली माणसं, त्यामुळे एक गोष्ट मला फार भावते. साकेचा दर्जा ठरवताना तांदूळ किती घासला हे बघतात. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त, मध्यात शुद्ध स्टार्च. बाहेरचा भाग घासून टाकला की चव हलकी, सुवासिक होते. बाटलीवर ६० टक्के लिहिलं असेल तर दाण्याचा ६० टक्के भाग ठेवून ४० टक्के घासून काढलाय असा अर्थ. ६० किंवा त्याहून कमी असेल तर गिंजो, ५० किंवा कमी असेल तर दायगिंजो. जुन्माई लिहिलं असेल तर वरून अल्कोहोल मिसळलेला नाही. यामादा निशिकी हा साकेसाठीचा तिथला सगळ्यात नावाजलेला तांदूळ. मोठा दाणा, मध्ये पांढरट गाभा. आपण वालय किंवा कोलमबद्दल जितक्या मायेने बोलतो, तितक्याच मायेने तिकडचे लोक याच्याबद्दल बोलतात.

मग कोणती मागवू? गरम की थंड?

ग्योझाबरोबर महागडी दायगिंजो घेऊ नका. तिचा फुलाफळांसारखा सुवास लसूण आणि तिळाच्या तेलापुढे टिकत नाही, पैसे वाया जातात. साधी जुन्माई घ्या. तिला थोडा आंबटपणा आणि भाताची चव असते, ती तेलकट घासाला धरून राहते. जपानमध्ये ग्योझाबरोबर बहुतेक लोक बिअरच घेतात हेही सांगायला हवं, त्यामुळे बिअर मागवलीत तर काही बिघडत नाही. पण कोमट जुन्माई आणि तव्यावरचा ग्योझा ही जोडी मला सगळ्यात जास्त आवडते.

गरम-थंडचं म्हणाल तर सुवासिक गिंजो, दायगिंजो थंड प्यावी. जुन्माई साधारण ४० अंशांना कोमट किंवा ५० अंशांपर्यंत गरम करून घेता येते. त्याहून तापवली तर अल्कोहोलचा वास नाकात शिरतो. एकटं असताना करून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे कोमट सुरई मागवायची आणि हळूहळू प्यायची. पहिल्या पेल्यात ऊब आणि आंबटपणा लागतो. निवत जाते तशी गोडसर चव पुढे येते आणि शेवटच्या पेल्यात ती जवळजवळ वेगळी साके असते. हे बदल बोलता बोलता निसटतात, गप्प बसलं की कळतात.

दुधाळ दिसते ती निगोरी. तांदळाचा गाळ मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणून बाटली हलकेच हलवून ओततात. गोड आवडत असेल तर घ्या. मला ग्योझाबरोबर गोड नको वाटतं, म्हणून मी ती घेत नाही.

जपानमध्ये म्हणे आपली साके आपण ओतायची नसते. एकटं असताना काय?

सोबत माणसं असली की एकमेकांचे पेले भरायचे असा शिष्टाचार आहे. एकटं असताना आपलं आपण ओतायचं, तिथेही तसंच करतात. मातीच्या छोट्या सुरईला टोक्कुरी म्हणतात आणि पेल्याला ओचोको. पेला दोन-तीन घोटांचा असतो, त्यामुळे पिणं आपोआप सावकाश होतं.

किती प्यावी?

एक सुरई. जुन्या जपानी मापात १८० मिली म्हणजे एक गो, सुरई साधारण तेवढी असते. १८० मिली साकेत जितका अल्कोहोल असतो, तितकाच साधारण ६० मिली व्हिस्कीत, म्हणजे एका लार्जमध्ये असतो. कोमट असल्यामुळे ती सौम्य वाटते आणि त्यातच लोक फसतात. बरोबर पाणी मागून घ्या, जितकी साके तितकं पाणी. आणि रिकाम्या पोटी पहिला घोट नको. आधी ग्योझा येऊ द्या.

गाडी चालवून परत यायचं असेल तर एक पेलासुद्धा नको. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय आपले रस्ते बघा. मांडव्याकडचा रस्ता रात्री काळोखाचा, वळणांचा, मध्येच गुरं बसलेली. ओळखीच्या रिक्षावाल्या दादाला आधीच वेळ सांगून ठेवा. रात्री नऊनंतर रस्त्यावर उभं राहून रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका, आणि शेवटची एसटी कधीची ते डेपोत विचारून निघा.

एकट्या बाईने दारू मागवली तर काही प्रश्न? वयाचं, परवान्याचं काय?

पंचविशी पूर्ण असेल तर वयाचा प्रश्न येत नाही, फक्त ओळखपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत, बऱ्याच हॉटेलांत एक दिवसाचा तिथेच मिळतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि इतर ड्राय डेला मिळणार नाही.

वागणुकीचं म्हणाल तर मला अशा हॉटेलांत आदरानेच वागवलं गेलंय. तरी बाटली आपल्यासमोर उघडून घ्या, उठताना पेला भरलेला ठेवून जाऊ नका, घरातल्या एकाला कुठे आहात ते सांगून ठेवा. कुणी नको इतकं बोलायला आलं तर "मला एकटीला जेवायचंय" असं सांगायचं आणि वेटरला हाक मारायची. काउंटरला आचारी समोरच असतो, तोही बघत असतो. मी पाहिलं त्या स्वयंपाकघरांत बरीच मुलं मणिपूर, दार्जिलिंग, नेपाळकडची होती. घरापासून लांब राहणारी, चारच शब्द बोलणारी, पण "ग्योझा छान झालेत" म्हटलं की चेहरा खुलतो. आवर्जून सांगा.

बंदरावर ताजी फडफडीत मासळी मिळते. मग इथल्याच सुरमईची साशिमी (कच्च्या माशाचे पातळ काप) का देत नाहीत?

हा प्रश्न दर वेळी कुणीतरी कोळी दादा विचारतो आणि त्यात अभिमानही असतो. पण ताजा मासा आणि कच्चा खाण्याजोगा मासा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्री माशात अनिसाकिस नावाचे जंत असू शकतात आणि ते ताजेपणाने मरत नाहीत. त्यासाठी मासा उणे २० अंशांना सात दिवस किंवा उणे ३५ ला गोठवून १५ तास ठेवावा लागतो. दुसरं म्हणजे बांगडा, कुपा यांसारखा मासा उन्हात जरा वेळ राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होतं, अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो. ते शिजवूनही जात नाही. साशिमीचा मासा होडीवर आल्या क्षणापासून थंड ठेवावा लागतो, आणि तशी सोय छोट्या होड्यांवर नसते. म्हणून गोठवलेला मासा आणतात. त्यात फसवणूक नाही, काळजी आहे.

आपल्या किनाऱ्याची मासळी दुसऱ्या वाटेने मात्र त्या ताटलीत येते. सुशीत, म्हणजे आंबटसर भात आणि मासा वगैरेंच्या जपानी घासांत, लाल-पांढरी क्रॅब स्टिक असते, ती खेकड्याची नसते. पांढऱ्या माशाचं मांस धुऊन, कुटून केलेल्या सुरिमीची असते. आपल्याकडे सुरिमीसाठी राणी मासा मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि रत्नागिरीत सुरिमी तयार होऊन परदेशी जाते. बाजारात राणीला कुणी फारसं विचारत नाही, पण जगभरच्या सुशीत ती असते.

बिल किती येतं?

जेवण आवाक्यात, साके महाग. बाटली परदेशातून येते, वर आयात शुल्क आणि राज्याचा कर. म्हणून बाटली नको, ग्लास किंवा सुरईचा भाव विचारा आणि ऑर्डर देण्याआधी विचारा. बिलात जेवणावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट असे वेगळे दिसतील. सेवाशुल्क लावलं असेल तर ते सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आहेत. काढायला सांगा आणि चांगलं वाढलं असेल तर त्या मुलाच्या हातात आपल्या मनाने काही ठेवा.

जेवताना मोबाईल बघावा का? नाहीतर वेळ कसा जायचा?

पहिली दहा मिनिटं अवघड जातात, सगळ्यांनाच. ग्योझा येईपर्यंत मेन्यू वाचा, तव्याकडे बघा. ग्योझा आल्यावर मोबाईल पर्समध्ये. पुस्तक नेलंत तर छानच, पण हात तेलकट होतात.

पावसाळ्यात जायचं का?

जरूर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गेटवेची लाँचही बंद, त्यामुळे गर्दी ओसरते. काही हॉटेलं या दिवसांत दुरुस्तीला बंद असतात, म्हणून फोन करून निघा.

ग्योझा घरी करता येतील का?

हो, आणि आपल्या कोळंबीचे तर फार चांगले होतात. २०० ग्रॅम मैद्यात सुमारे १०० मिली गरम पाणी आणि चिमूटभर मीठ घालून घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा. कोबी बारीक चिरून मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा, ही पायरी चुकवू नका, नाहीतर पारी पाण्याने फुटते. २०० ग्रॅम कोळंबी सोलून, काळा दोरा काढून जाडसर चिरा. त्यात कोबी, अलिबागचा पांढरा कांदा, आलं, लसूण, थोडं तिळाचं तेल, सोया सॉस आणि मिरपूड. पांढऱ्या कांद्याची गोडी कोळंबीला इतकी शोभते की मी दुसरा कांदा घालतच नाही. पाऱ्या लाटा, कडेला पाण्याचं बोट फिरवा, एका बाजूला कळ्या पाडून मिटवा. मग वर लिहिलंय तसं तव्यावर. बीडाचा जुना, तेल मुरलेला तवा असेल तर चिकटत नाहीत.

उरले तर कच्चेच ताटलीत सुटे मांडून फ्रीजरमध्ये घट्ट करा, मग डब्यात भरा. करताना फ्रीजरमधून थेट तव्यावर टाकायचे, वितळू द्यायचे नाहीत, फक्त पाणी थोडं जास्त आणि झाकण दोन मिनिटं जास्त. साकेची बाटली आणलीत तर फ्रीजमध्ये उभी ठेवा, उन्हात नको, आणि उघडल्यावर आठ-दहा दिवसांत संपवा. ती ठेवून मुरत नाही, उतरते. तरी राहिलीच तर बांगडा भाजण्याआधी त्यावर चमचाभर चोळा.